पिकअपच्या केबिनमधला इंजिनाचा आवाज: शीट चिकटवण्याआधी कान लावा

रात्री दोनला साखळीहून निघायचं, केरी मागे टाकून चोर्ला घाट चढायचा, जांबोटीवरून बेळगावचं भाजी मार्केट गाठायचं आणि कोबी, टोमॅटो, मिरची भरून ऊन चढायच्या आत परत गोव्यात उतरायचं. आठवड्याला चार फेऱ्या. गाडी चार सिलिंडरची, अडीच लिटरची, बीएस६ डिझेल पिकअप. दोन वर्षांपूर्वी एकदा जेवताना बायको म्हणाली, "अहो, आमटी वाढा म्हणायला एवढं ओरडायला काय झालं?" मला वाटलं होतं मी नेहमीसारखाच बोलतोय.

केबिनमधल्या आवाजाने कानांना ओरडून बोलायची सवय लावली होती. तेव्हा तो आवाज कमी करायला पहिली गोष्ट केली ती चुकीची. हार्डवेअरच्या दुकानातून गच्चीच्या गळतीला लावतात ती डांबराची पट्टी आणली आणि मॅटखाली सगळीकडे चिकटवली. जानेवारीत ठीक वाटलं. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात गाडी दोन तास उन्हात राहिली आणि केबिनमध्ये नवीन रस्ता करताना येतो तसा वास सुटला. पट्टी मऊ होऊन पेडलच्या बाजूला ओघळली होती. आवाज? होता तेवढाच. ती खरवडून काढायला दोन रविवार गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी आवाज कुठला ते ठरवा. याला एक पैसा लागत नाही आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

सपाट, मोकळा रस्ता बघा. ताशी ५० च्या वेगाने आधी चौथ्या गिअरमध्ये जा, मग त्याच वेगाने तिसऱ्यात. आवाज बदलला तर तो इंजिनाकडचा. जसाच्या तसा राहिला तर टायर किंवा वारा, आणि मग पुढचं सगळं वाचून तुमचा फायदा नाही. टायरची नक्षी आणि दरवाज्याचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) बघा. नंतर गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, रेस अगदी हळूहळू ८०० आरपीएमवरून (मिनिटाला इंजिनाचे फेरे) २,५०० पर्यंत न्या. कुठल्या आकड्याला स्टिअरिंग थरथरतं, कुठे आरसा धूसर होतो, कुठे कानात दडा बसल्यासारखं होतं, ते लिहून ठेवा. शेवटी इंजिन स्लोवर (रेस न देता) असताना क्लच दाबा. खरखर क्लच दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या बाजूचं बेअरिंग किंवा फ्लायव्हील, दाबल्यावर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. एसी लावून आणि बंद करूनही एकदा ऐका, कंप्रेसरचा बेल्ट पुष्कळदा इंजिनाच्या नावावर ओरडत असतो.

माझ्या कागदावर एकच आकडा ठळक होता: १,८००. घाटात तिसऱ्या गिअरला गाडी नेमकी तिथेच रेंगाळते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे १,८०० आरपीएमला सेकंदाला ६० ठोके. एवढा खालचा सूर कानापेक्षा छातीत आणि पाठीत जास्त कळतो. तो फोमने अडत नाही. फोम वरच्या पट्टीतला चरचराट, टकटक खातो; घुमणाऱ्या आवाजाला तो दिसतसुद्धा नाही.

वाळपईच्या आमच्या फिटरला गाडी दाखवली. त्याने बोनेट उघडायच्या आधी डॅशबोर्डवर तळवा ठेवला, मग सीटखालच्या पत्र्यावर. म्हणाला, "पात्रांव, इंजीन न्हय, हो पत्रो वाजता." इंजिन ज्या रबरी माऊंटिंगवर बसतं त्याच्यात हादरा न जिरता सरळ चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) जात होता आणि चेसीवर बसवलेली केबिन मडक्यासारखी घुमत होती.

माऊंटिंग असं तपासतात. हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकांना दगड लावा, आत एकाने ब्रेक दाबून धरावा आणि क्लच किंचित सोडून पहिल्या गिअरला, मग रिव्हर्सला जरासा भार द्यावा. तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे कधीही नाही. इंजिन थोडं कलणारच. पण एका बाजूने उडी मारल्यासारखं उचललं आणि धप्पकन बसलं, तर त्या बाजूचं रबर गेलं. तेल भरलेलं माऊंटिंग असेल तर त्याच्या खाली काळा ओलसर डागही दिसतो. माझं उजवं रबर चेपून भाकरीसारखं सपाट झालेलं. बदलताना दोन्ही बाजूंची एकदम बदला. एक नवं आणि एक थकलेलं लावलं की इंजिन वाकडं बसतं. सगळे बोल्ट आधी हातानेच लावून इंजिनाला आपल्या जागी बसू द्यायचं आणि मगच पाना मारायचा. घाईत आवळलेलं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं, मग नवं घालूनही "फरक नाही" म्हणून आपण दुकानदाराला शिव्या घालतो.

हेच करता करता खाली वाकून बघा की काय कशाला टेकलंय. एसीचा पाइप पत्र्याला, सायलेन्सरचा आडवा दांडा क्रॉस मेंबरला, हीट शील्डचा एक कान सुटून लटकलेला. लहानपणी काडेपेट्यांना दोरा बांधून टेलिफोन करायचो ना, तसंच हे. दोरा सैल सोडला की बोलणं बंद.

आता इंजिनाची स्वतःची टकटक. पेट्रोलला ठिणगी लागते. डिझेलमध्ये हवा सोळा-सतरा पट दाबून इतकी तापवतात की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण फवारा आणि पेटणं यांत एक बारीक क्षण जातो, तेवढ्यात जमलेलं डिझेल एकदम भडकतं आणि तो हातोडा आपल्याला ऐकू येतो. जुन्या पंपाच्या गाड्या म्हणून तशा ठोकायच्या. हल्लीच्या कॉमन रेलमध्ये (फवारणाऱ्या सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल) मुख्य फवाऱ्याआधी चिमूटभर डिझेल सोडतात. ते आधी पेटून जागा गरम करतं, मग मोठा फवारा शांतपणे जळतो. जांबोटीच्या थंडीत पहाटे स्टार्ट मारल्यावर टकटक जास्त असते आणि इंजिन तापलं की कमी होते, त्यात काही वावगं नाही. मात्र गरम इंजिन, कालपर्यंत मऊ, आणि आज अचानक एक ठराविक ठोका, तर ते नोझलचं काम. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका नोझलच्या बुडाशी आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐका, फॅन-बेल्टपासून बाह्या लांब ठेवून. चारांत एक वेगळा बोलत असेल तर तो कळतो. पाइपांचे नट मात्र घरी सोडू नका. रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो आणि केसाएवढी धार कातडीच्या आत शिरते.

थंड असताना फट-फट आणि तापल्यावर कमी, मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) सांध्याला काजळीची रेघ, असं असेल तर त्या सांध्यातलं गॅस्केट गेलं. हे आधी करा, आवाजासाठी नाही, धुरासाठी. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आपण काचा लावून, एसी लावून घाट चढतो. रेस देताना शिट्टी, मागे काळा धूर आणि गाडी ओढत नाही, तर टर्बोच्या होजचा क्लॅम्प बघा. सांध्यापाशी तेलकट धूळ चिकटलेली असते.

दोन आवाज असे की त्यांच्या मागे लागू नये. चढावर समोरून वादळ आल्यासारखा घोंगाट येतो तो रेडिएटरच्या फॅनचा, इंजिन तापलं म्हणून फॅनला इंजिनाशी जोडणारं कपलिंग धरतं. सपाटीला उतरल्यावरही सुटत नसेल तरच कपलिंग अडकलंय. दुसरा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. फिल्टरमधली काजळी जाळताना स्लो थोडा वर राहतो, आवाज जाडसर होतो, गरम वास येतो. चालू द्या, मध्येच बंद करू नका. आणि मार्च-एप्रिलमध्ये अशा वेळी काजूच्या बागेत सुक्या पाल्यावर गाडी उभी करू नका, खालचा पाइप त्या वेळी भयंकर तापलेला असतो.

इथपर्यंतचं झालं की भोकं. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला, फायरवॉलला, वायरी आणि पाइप जायला भोकं असतात आणि प्रत्येकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी चकती). भिंतीचा शंभरावा भाग उघडा राहिला तर बाकीची भिंत कितीही जाड करा, अडवणूक २० डेसिबलच्या पलीकडे जात नाही. म्हणून रात्री, इंजिन थंड आणि बंद असताना, बोनेटखाली जोरदार टॉर्च ठेवायचा, बोनेट टेकवायचं आणि काळोखात केबिनमध्ये पायांच्या जागी डोकं घालून बघायचं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज वेळोवेळी जातेच, तेवढाच तिचा उपयोग. मला क्लचच्या वर चांगला बोटभर उजेड दिसला. फॉग लॅम्प बसवणाऱ्याने ड्रिल मारून वायर तशीच आत ओढली होती, ना ग्रोमेट ना काही. पत्र्याच्या धारेने वायरची सालही निघत आली होती. योग्य मापाचं ग्रोमेट घातलं आणि भोवती ब्युटाइलची (चिकट रबराची) पुटी दाबली. आंबूस वास येणारं सिलिकॉन इथे वापरू नका, ते पत्रा गंजवतं, आणि गोव्याच्या खाऱ्या हवेला त्या कामात मदतनीस नको आहे. गिअर लिव्हरच्या चामड्याखाली आणखी एक रबरी बूट असतो, तो फाटलेला असेल तर गिअरबॉक्सचा सगळा आवाज थेट मांडीवर येतो.

दरवाज्यांसाठी अगरबत्ती. इंजिन बंद, इग्निशन चालू, ब्लोअर पूर्ण जोरात, बाहेरची हवा घेणारं बटण दाबलेलं, काचा बंद. बाहेरून बीडिंगच्या कडेने अगरबत्ती फिरवा. धूर जिथे झटक्याने बाहेर ढकलला जातो तिथे फट आहे. बहुतेक वेळा वरच्या मागच्या कोपऱ्यात सापडते.

एवढ्यानेच माझी गाडी निम्मी शांत झाली. शीट त्यानंतर आली, आणि थोडी आली. २ मिलिमीटरची, वर अॅल्युमिनियम असलेली ब्युटाइल शीट घ्या. तिचं काम आवाज अडवणं नाही, पत्र्याचं थरथरणं मारणं. बोटाच्या पेराने पत्रा वाजवा: टण्ण वाजला की तिथे मधोमध एक तुकडा, पुन्हा वाजवा, थप्प आलं की पुढे चला. पत्र्याचा पाव ते निम्मा भाग झाकला की पुरे, सगळं मढवायचं ते दुकानदाराच्या सोयीसाठी. फायरवॉलची आतली बाजू, पायाखालचा पत्रा, सीटमागची भिंत आणि पुढच्या दरवाज्यांचा बाहेरचा पत्रा (आतल्या अंगाने), या क्रमाने. पत्रा स्पिरिटने पुसा, पूर्ण सुकू द्या, रोलरने हवा काढत दाबा. हे काम नोव्हेंबर ते मे या काळातच. जूनमध्ये दमट पत्र्यावर लावलेली शीट गणपतीच्या आत सुटते. पायाखाली शीटवर जड व्हिनाइलचा थर टाकला तर खालून येणारी घरघर आणखी उतरते, पण तो अखंड हवा, तुकडे-तुकडे नको. आणि पेडलच्या वाटेत काहीही येता कामा नये.

शीटसाठी दरवाज्याचं आतलं आवरण काढलंत की त्यामागचा प्लास्टिकचा पडदा बघा. काच दुरुस्त करणारे तो फाडून टाकतात आणि परत लावत नाहीत. दरवाज्याच्या तळाची पाणी जाणारी भोकं झाकू नका. पिवळ्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना हात नको. जूट किंवा फेल्ट कुठेही नको, ते पाणी धरून बसतं.

मोबाइलच्या अॅपवर मापलं तेव्हा चौथ्या गिअरला, ताशी ६० ला, आधी ७६ आणि नंतर ७१ डेसिबल आलं. अॅपचा आकडा अचूक नसतो, पण तोच मोबाइल, तीच जागा, तोच रस्ता ठेवला तर फरक कळतो. गंमत अशी की माऊंटिंग बदलल्यावर आकडा जेमतेम एकाने हलला होता. नेहमीच्या डीबीए मापात (कानाला ऐकू येतं त्या प्रमाणात मोजलेले डेसिबल) ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० ठोक्यांच्या, आसपासचा सूर सुमारे २६ डेसिबलने कमी धरला जातो, त्यामुळे मीटरला ती घरघर गेलेली कळलीच नाही. माझ्या पाठीला कळली.

पहिल्या मोठ्या पावसानंतर मॅट उचलून शीटच्या कडेने हात फिरवा. डाव्या बाजूला ओलं लागलं तर शीटला दोष द्यायच्या आधी वायपरखालचा खळगा उघडा. आंब्याच्या पानांनी तिथलं भोक बुजलेलं असतं आणि पाणी ब्लोअरमधून आत येतं.