दुकान अडचणीत आले, तर आधी पाटीवरचा एक शब्द पाहा

सोलापूरच्या नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत एखाद्या दुकानाचे कर्जाचे हप्ते थकले की ‘सरळ एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात) जा’ असा सल्ला हल्ली सहज मिळतो. तो मानण्यापूर्वी जीएसटी नोंदणी आणि बँकेचे कर्जमंजुरीपत्र समोर ठेवून आपली पेढी प्रोप्रायटरी (एकट्या मालकाची) आहे, भागीदारीची आहे की प्रायव्हेट लिमिटेड, एवढे पाहावे. कारण पुढचा सगळा मार्ग त्यावरच ठरतो.

२०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्था) यांना लागू झाली. व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांविषयीचा तिचा भाग मात्र, १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला तेवढा सोडला तर, अमलात आलेला नाही. म्हणून साध्या मालकीच्या दुकानाला सोलापुरात आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो, आणि अर्ज करायचा तो आपल्याच जिल्ह्याच्या न्यायालयात. देणे अवघे ५०० रुपये असले तरी अर्ज करता येतो. ही रकमेची मर्यादा अर्थातच त्या काळातली आहे.

अर्जाआधी रोजमेळ आणि खतावणी पुरी करून घेणेकऱ्यांची व उधारीची यादी तयार ठेवावी. नादार, म्हणजे देणी फेडण्यास असमर्थ, ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि विनातारण घेणेकऱ्यांना परवानगीशिवाय वसुलीची कारवाई करता येत नाही. तारण घेतलेल्या बँकेचा हक्क मात्र तसाच राहतो, आणि शेवटी देण्यांतून मुक्ततेचा आदेश मिळाला तरी सरकारी देणे सुटत नाही. गाळा गहाण असेल तर या अर्जाने तो वाचेल अशी आशा धरू नये.

सर्वांत जास्त नुकसान घाईतल्या चतुराईने होते. घर पत्नीच्या किंवा मेहुण्याच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत झालेल्या अर्जावर नादार ठरलात, तर ते बक्षीसपत्र टिकत नाही. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच घेणेकऱ्याला झुकते माप देऊन भागवलेली रक्कमही रद्द ठरू शकते. घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी शटर ओढून गाव सोडणे हे तर या कायद्यात स्वतःच नादारीचे कृत्य मानले जाते, आणि त्यावरून तीन महिन्यांच्या आत घेणेकरीच तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकतो.

पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर प्रकरण मुंबईच्या एनसीएलटीत जाते. २४ मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटी झाली, त्यामुळे काही लाखांच्या बिलासाठी पुरवठादाराला तेथे कंपनी खेचता येत नाही. तो दिवाणी दावा मात्र लावू शकतो. अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनीविरुद्धची वसुली थांबते, पण कारभारही संचालकांच्या हातून जातो. ही स्थगिती जामीन राहिलेल्या संचालकाला वाचवत नाही, आणि आपल्याकडे बँका बहुधा संचालकांचीच सही जामीनदार म्हणून घेतात.

पतसंस्थेचे कर्ज असेल तर ‘१०१ चा दाखला’ (सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुलीचा दाखला) निघण्यापूर्वीच हिशेबाचा उतारा मागून व्याजाच्या आकारणीवर लेखी हरकत नोंदवावी. बँकेची सरफेसी कायद्याखालील (तारण मालमत्ता न्यायालयात दावा न लावता ताब्यात घेण्याच्या कायद्याखालील) ६० दिवसांची नोटीस आली असेल तर लेखी उत्तर द्यावे, कारण त्या हरकतींवर बँकेला १५ दिवसांत कारणांसह कळवावे लागते. उत्तराची प्रत आणि टपालाची पावती खतावणीतच जपून ठेवावी.