भाची बघायला जाताना: आत्याबाईंची पिशवी

पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे भावाला लेक झाली तरी ती बघायला आत्याबाईंना जावं लागतं ते भावाच्या सासरी, विहीणबाईंच्या घरी. मुलाकडची माणसं आली की त्या घरात पुरणाचा घाट पडतो, साडी-चोळीची जुळवाजुळव सुरू होते. रात्रभर जागणाऱ्या बाळंतिणीची आई मग दोन दिवस चुलीपुढून हलत नाही. म्हणून पहिला फोन भावाला नको, विहीणबाईंना करा. जेवण साधं, वरण-भात-भाकरी. आणि आहेराचं बारशाला बघू, आत्ता काही काढू नका, असं सांगा. आहेर नकोच म्हटलं तर त्यांना अपमान वाटतो. बारशावर ढकलला की कुणाचाच मान मोडत नाही.

कधी जायचं हेही त्याच फोनवर ठरवा. दवाखान्यात जायचंच तर दोघांनी, दहा मिनिटांसाठी. पाचव्या दिवशी पाचवी असते. पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद आणि पेन ठेवून सटवाईची पूजा होते, घरातल्या बायका त्याच गडबडीत असतात. बोलावलं असेल तरच त्या दिवशी जा. काही घरांत दहा दिवस सोयर पाळतात, त्याबद्दलही आधी विचारा, वाद घालायची ही वेळ नव्हे. नुसतं भेटून यायचं असेल तर सहावा दिवस ते बारसं हा काळ बरा, किंवा सरळ बाराव्या दिवशी बारशालाच.

माणसं किती? पहिल्या भेटीला तीन, फार तर चार. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ‘चला गं सगळ्याजणी’ असं होतं खरं. क्रूझर भरून पंधरा माणसं न्यायची ती बारशाला. सर्दी-खोकला, ताप, जुलाब किंवा ओठावर फोड आलेला असेल त्यानं घरीच राहावं. मोठ्यांच्या ओठावरच्या फोडाचा विषाणू कोवळ्या लेकराच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून मुका कुणीच घ्यायचा नाही, आजीनंसुद्धा नाही.

वेळ दुपारी चारनंतरची धरा. सकाळी मालिश करून न्हाऊ घालणारी बाई येते, मग लेकरू झोपतं आणि बाळंतिणीलाही तेवढीच झोप मिळते. अकराच्या एसटीनं उतरून दार वाजवलंत तर दोघींची झोप मोडते. दिवेलागणीला लेकरू किरकिरतं, त्याआधी निघा.

पिशवीत काय न्यायचं? बाळंतविड्यात सगळ्यात कामाचा डबा डिंकाच्या लाडवांचा. हळीवाचे लाडू गुणाचे, पण ओल्या नारळाचे असतात. उन्हाळ्यात नांदेडहून अंबाजोगाईला पोहोचेपर्यंत आंबूस वास यायला लागतो. ते विहीणबाईंना घरीच करू द्या, नुसते हळीव पाव किलो न्या. डिंकाचे साधारण तीस लाडू व्हायला डिंक 100 ग्रॅम, खारकेची पूड 250, किसलेलं सुकं खोबरं 250, गूळ 300, तूप 250, काजू-बदाम 100, खसखस 50 ग्रॅम आणि अर्धं जायफळ लागतं. एप्रिल-मेमध्ये तूप 200 ग्रॅमवर आणा, नाहीतर बेचाळीस डिग्रीत लाडू डब्यात बसतात आणि पोहोचेपर्यंत त्यांचा गोळा होतो.

बिघडतं ते डिंकापाशी. आधी दोन तास उन्हात वाळवा, मोठे खडे हरभऱ्याच्या डाळीएवढे फोडा, आणि मध्यम आचेवरच्या तुपात एका वेळी चमचाभरच टाका. तूप फार तापलं की डिंक वरून लाल होतो, आत कच्चा राहतो आणि बाळंतिणीच्या दाताला चिकटतो. फुललेला दाणा बोटानं दाबल्यावर चुरला पाहिजे. खोबरं आणि खसखस कोरडी भाजा, खारकेची पूड चमचाभर तुपावर परता. गुळाचा पाक करायचा नाही. उरलेल्या तुपात गूळ नुसता विरघळून एकदा फेसाळला की उतरवा, सगळं कालवा आणि कोमट असतानाच वळा. गूळ जास्त वेळ चुलीवर राहिला तर लाडू फोडायला वरवंटा लागेल. ऑपरेशन झालं असेल किंवा साखरेचा त्रास असेल तर लाडू कधी आणि किती खायचा हे तिच्या डॉक्टरांवर सोडा, आपण समोर बसून आग्रह करायचा नाही.

कपड्यांत सगळे एकाच मापाची झबली आणतात आणि ती महिनाभरात आखूड होतात. तुम्ही तीन ते सहा महिन्यांच्या मापाची चार न्या, बंद पाठीला असलेली, सुती. त्याहून उपयोगी म्हणजे जुन्या मऊ धोतराची किंवा सुती साडीची सहा दुपटी आणि दोन डझन लंगोट, धुऊन उन्हात वाळवलेले. टिकल्या, जाळी, नायलॉनची लेस नको. हल्ली बारशाला पैठणीची कुंची हौसेनं शिवतात. शिवा, पण आतून सुती अस्तर लावा आणि फोटो झाले की काढा, पैठणीची जर कोवळ्या गालाला टोचते. लोकरीचं टोपडं डिसेंबरात परभणीकडे लागतं. मे महिन्यात लेकराला वाकळीत गुंडाळलं तर त्याचंच अंग तापतं आणि मग ताप आला म्हणून धावपळ होते.

चांदीचे वाळे घेताना टोकं गोल घासलेली आहेत ना, हे बोट फिरवून पाहा. घुंगरू नकोत, एखादं निसटलं तर आधी तोंडात जातं. मध, गुटी, काजळ यांतलं काहीही पिशवीत टाकू नका. वर्षाच्या आतल्या लेकराला मधातून घातक जंतुबाधा होऊ शकते आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नसतं. काजळात शिसं असू शकतं.

पोहोचल्यावर जुन्या बायका सांगतात तेच करा: बाहेरून आलात तर आधी हातपाय धुवा, पाणी प्या, घडीभर ओसरीवर टेका, मग आत. हात साबणानं कोपरापर्यंत. अंगठ्या आणि खड्यांच्या बांगड्या काढून ठेवा. आत गेल्यावर आधी भावजयीजवळ बसा, लेकराकडं नंतर वळा. तिला कसं वाटतंय हे विचारणारं माणूस त्या घरात कमीच येतं. लेकराला उभ्यानं घेऊ नका, मांडी घालून बसा, एक हात मानेखाली आणि दुसरा कमरेखाली. नाळ अजून पडली नसेल तर तिथं हळद, तेल, राख काही लावायचा सल्ला देऊ नका, ती कोरडीच ठेवायची असते. नोट लेकराच्या मुठीत कोंबायची सवय सोडा. बाजारभर फिरलेली ती नोट, पाकिटात घालून आईच्या उशाला ठेवा.

लेकरू पिवळं दिसलं तर ‘कोवळं ऊन दाखवा’ एवढ्यावर भागवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थोडं पिवळेपण बहुतेक लेकरांना येतं. पण पहिल्याच दिवशी आलं, तळहात-तळपायापर्यंत उतरलं किंवा लेकरू दूध ओढेना, तर त्याच दिवशी दवाखाना. बाजेखाली शेगडी असेल तर खिडकी उघडी आहे का बघा. बंद खोलीत कोळशाचा धूर आणि वायू दोघांनाही घातक. धुरीचंही तेच.

बोलताना ‘पुढच्या खेपेला मुलगा’ हे वाक्य गळ्यातच ठेवा. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. अशा मुलखात आत्यानं जिलेबीचा किलोभराचा पुडा मोठ्यानं नाव घेऊन वाटला तर त्याला अर्थ आहे. ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणायचं तर तेही मोठ्यानंच म्हणा.

बारशाला जाणार असाल तर घुगऱ्यांचं काम तुम्ही अंगावर घ्या. पन्नास माणसांना दोन किलो हरभरा आणि एक किलो गहू पुरतो. रात्री वेगवेगळे भिजवा आणि वेगवेगळेच शिजवा, नाहीतर एक कच्चा आणि एक गाळ. कानात ‘कुर्र’ करताना फुंकर मारू नका, हळू बोला. पाठीत धपाटे पडणारच, तेव्हा लेकरू आधीच दुसरीच्या हातात द्या.

ठरलेलं नाव मराठीत आणि इंग्रजीत कागदावर लिहून भावाला द्या. जन्माची नोंद 21 दिवसांत मोफत होते आणि नाव नंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. पण त्यात एक अक्षर चुकलं की पुढं शाळेपर्यंत भोवतं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि उत्पन्न लाखाच्या आत असेल तर अंगणवाडीत ‘लेक लाडकी’चा अर्ज करायला सांगा. 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेल्या मुलींना जन्मानंतर 5,000 आणि पुढं टप्प्याटप्प्यानं अठरा वर्षांपर्यंत एकूण 1,01,000 रुपये मिळतात. आहेराचे पैसे द्यायचेच असतील तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं आईवडिलांना उघडायला लावा, ते 250 रुपयांत उघडतं.

लाडू न्यायचे ते नव्या स्टीलच्या डब्यात. रिकामा डबा परत द्यायची आपल्याकडं रीत नाही. तुमचा नेहमीचा डबा दिसला की विहीणबाई निघायच्या वेळेला शंकरपाळ्यांसाठी तूप तापवायला बसतील. डबा ठेवतानाच सांगा की हा भाचीच्या कपड्यांसाठी आहे, परत नेणार नाही.