डिझेल कॅटॅलिस्टचा सबस्ट्रेट बदलताय? या चुका टाळा

डिझेलचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिस्टचा लेप ज्या जाळीवर चढवतात, ती म्हणजे सबस्ट्रेट. कॉर्डिएराइट या सिरॅमिकची जाळी काढून मेटल फॉइल, फोम किंवा वेगळ्या घडणीची जाळी बसवली आणि गाडी त्रास देऊ लागली, की आधी संशय कॅटॅलिस्टच्या लेपावर जातो. लेप बहुधा ठीकच असतो. गोंधळ असतो तो जुनाच ठेवलेला डबा, मॅट (जाळी आणि डबा यांच्यामधली तंतूंची गादी) आणि कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये.

फक्त सीपीएसआय बघून ऑर्डर देणं. ४०० सीपीएसआय म्हणजे चौरस इंचात ४०० छिद्रं. भिंत ०.१६५ मिमीची असेल तर तोंडाचा सुमारे ७६ टक्के भाग मोकळा राहतो, ०.१ मिमीची असेल तर ८५ टक्के. वॉशकोट (कॅटॅलिस्टचा लेप) चढला की हे आकडे आणखी उतरतात. म्हणून भिंतीची जाडी आणि लिटरमागे किती ग्रॅम वॉशकोट, हे दोन्ही विचारून घ्या. मेटल फॉइलच्या नागमोडी छिद्रांत लेप अरुंद कोपऱ्यांत साचतो; तिथे खोलवर गेलेल्या प्लॅटिनमपर्यंत वायू नीट पोचत नाही.

छिद्रं बारीक केली की रूपांतर सुधारतं, हे खरं. पण कमी लोडवर, थंड एक्झॉस्टवर चालणाऱ्या इंजिनात बारीक जाळीच्या तोंडावर काजळीचा पापुद्रा लवकर धरतो. बॅकप्रेशर (अडलेल्या एक्झॉस्टचा इंजिनावर येणारा उलट दाब) हळूहळू चढत असेल तर आधी पुढचं तोंड उघडून बघा.

मॅटचा हिशेब न करणं. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. चौरस मीटरला ४,००० ग्रॅम वजनाची मॅट ४ मिमी फटीत दाबली की घनता १ ग्रॅम प्रति घनसेमी येते. जाळीचा व्यास १ मिमीने कमी भरला तर फट ४.५ मिमी होते आणि घनता ०.८९ वर घसरते. पकड सैल झाली की जाळी हलते, मॅट झिजते, तिचे तंतू वाऱ्याबरोबर उडतात. उलट फट कमी पडली तर पातळ भिंतीची जाळी डबा बंद करतानाच चिरडते. त्यामुळे कॅटलॉगमधला व्यास धरू नका. प्रत्येक नग मोजा.

फुगणाऱ्या मॅटमधलं वर्मिक्युलाइट हे खनिज साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर फुगतं, तर मॅट बांधून ठेवणारा बाइंडर त्याआधीच जळायला लागतो. डिझेलचा एक्झॉस्ट बराच वेळ याच मधल्या पट्ट्यात असतो, म्हणजे पकड नेमकी तिथेच सुटते. अशा ठिकाणी न फुगणारी अॅल्युमिना तंतूंची मॅट घ्या, किंवा जोडणी झालेला डबा आधीच भट्टीत तापवून मॅट फुगवून घ्या.

फोमला फिल्टर समजणं. फोममध्ये वायू वळणं घेत जातो, मिसळतो, लेपाला चांगला भिडतो. पण वेग वाढला की दाबाची घट वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने चढू लागते. आयडलवरचं वाचन फसवं असतं. बॅकप्रेशर इंजिन गरम असताना, पूर्ण लोडवर मोजा. शिवाय फोम काजळी धरतो आणि जोराचा झोत आला की सोडूनही देतो. एकाआड एक छिद्रं बंद असलेल्या वॉल-फ्लो फिल्टरचं काम त्याच्याकडून होत नाही.

सिलिकॉन कार्बाइडच्या फिल्टरच्या जागी कॉर्डिएराइटचा, पण कंट्रोलर जुनाच. कॉर्डिएराइट कमी काजळी सहन करतो आणि १,४५० अंशांच्या आसपास वितळतो. रिजनरेशन (फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळणं) रंगात आलेलं असताना इंजिन आयडलवर आलं की प्रवाह घटतो, ऑक्सिजन वाढतो, उष्णता वाहून न्यायला कोणी उरत नाही. कंट्रोलरमधली काजळीची मर्यादा खाली आणल्याशिवाय असा बदल करूच नये. फिल्टर काढून मागचं तोंड पाहा: चांगल्या फिल्टरचं ते स्वच्छ असतं. एखाद्या छिद्राभोवती काळा ओघळ दिसला तर तिथला प्लग सुटलाय किंवा भिंत तडकलीय. तो नग धुऊन परत बसवू नका.