आंबेनळी उतरण्याआधी

पुण्याहून वाई, पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटाने खाली पोलादपूर, तिथून महाड, माणगाव आणि ताम्हिणीतून परत पुणे. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा फेरा गाडीवर जीव असलेल्यांनी आपापल्या गाड्या घेऊन, गट करून एकदा तरी करावाच. पण तयारीला बसलं की जो तो चढाचाच विचार करतो. गाडी दम तर टाकणार नाही ना, गरम तर होणार नाही ना? खरी परीक्षा उताराची असते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर, पोलादपूर थेट कोकणात, आणि मधे जेमतेम चाळीस किलोमीटर रस्ता. त्यामुळे माझी यादी ब्रेकपासून सुरू होते.

निघायच्या आठवडाभर आधी गाडी गॅरेजला दाखवा आणि मेकॅनिकला स्पष्ट सांगा, घाट उतरायचाय. ब्रेक पॅड किती उरलेत ते चाक काढूनच बघायला लावा. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर बदलूनच घ्या. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. लांबच्या उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. आमच्या एका फेरीत प्रतापगड फाट्याच्या अलीकडे पुढच्या गाडीचा जळका वास माझ्या बंद काचांतूनही आत आला. सगळ्यांना थांबवलं. चाकाजवळ हात नेला तर वीतभर अंतरावरूनच धग लागत होती. चालवणारा नवीन होता, चौथ्या गियरमध्ये ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत आला होता. चाकावर पाणी मारू दिलं नाही, तापलेली डिस्क वाकते. अर्धा-पाऊण तास तसेच थांबलो. तेव्हापासून निघण्याआधी प्रत्येकाला तोंडी सांगतो, ज्या गियरमध्ये हा घाट चढाल त्याच गियरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ (लो गियर) कसा लावायचा ते घरीच बघून ठेवा, वळणावर शोधत बसू नका. इलेक्ट्रिक गाडी असेल तर महाबळेश्वरला बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज मावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

टायरची हवा सकाळी, टायर गार असताना भरा. स्टेपनीतही भरा, ती हमखास राहते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसली तरी टायर म्हातारा झालाय का ते तिथे कळतं. जॅक, पाना आणि चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे डिकीत वरच ठेवा, बॅगांच्या खाली नकोत. वायपर, हॉर्न, दिवे, कूलंट हे दहा मिनिटांचं काम. लायसन्स, पीयूसी, इन्शुरन्स मोबाईलमध्ये डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपवर असले तरी चालतात.

गटात जुनी गाडी असेल तर ती यायलाच हवी, तिच्याशिवाय मजा नाही. पण प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते लवकर तापतात आणि सावकाश गार होतात. तिला म्होरक्याच्या मागे दुसऱ्या नंबरला ठेवा म्हणजे वेग तिच्या मानाने ठरतो. शेवटची गाडी सगळ्यात अनुभवी माणसाकडे द्या, हत्यारांची पेटी आणि टोइंगचा दोर त्याच्याकडेच. सात-आठ गाड्यांच्या वर जाऊ नका. जास्त झाल्या तर दोन तुकड्या करून अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. दोन गाड्यांमधे एसटी शिरू शकेल एवढी जागा राहू द्या, रस्ता तिचाही आहे. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली तर पुढच्या मोकळ्या जागी थांबायचं, एवढा एकच नियम सगळ्यांनी पाळला तरी कोणी चुकत नाही. घाटात रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा आणि थांबे कागदावर लिहून द्या: सुरूर फाटा, वाई, वाडा कुंभरोशी (आंबेनळीत, प्रतापगड फाट्याजवळ), पोलादपूर, माणगाव.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा कायदाच आहे, उपकार नव्हे. धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालवू नका; तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळतच नाही. डिपर आणि फॉग लाइट पुरे.

वेळ म्हणाल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर. पाऊस ओसरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, गवत नुकतं पिवळं पडायला लागलेलं असतं. भर पावसात आंबेनळी नकोच. जुलै 2021च्या अतिवृष्टीत रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता आणि वाहतूक बंद पडली होती. आताही निघायच्या आदल्या दिवशी पोलादपूरच्या एखाद्या हॉटेलात फोन करून घाट चालू आहे का ते विचारा. शक्यतो आडवारी जा. शनिवार-रविवारी पाचगणीपासूनच रांग लागते.

पहाटे पाचला टाक्या फुल्ल करून खेड शिवापूरच्या पुढे जमा. सातपर्यंत वाई, दहाला आंबेनळीच्या तोंडाशी, जेवण पोलादपूर किंवा महाडला. माणगाव तीनच्या आत सोडा, ताम्हिणी उजेडात ओलांडायचाय. माणगावात पुन्हा पेट्रोल बघा, घाटात पंपाच्या भरवशावर राहू नका. पोरं आणि ज्यांना गाडी लागते ते पुढच्या सीटवर किंवा खिडकीशी. आलेपाक, लिंबू आणि रिकाम्या पिशव्या प्रत्येक गाडीत. माकडांना काही घालू नका, आणि कचऱ्याची पिशवी पुण्याला परत आणा. 112 आणि 108 हे दोन नंबर डॅशबोर्डवर चिकटवा.

आणि वाडा कुंभरोशीला चहाला थांबलात की आधी खाली उतरून चारही चाकांजवळ हात धरून बघा. धग लागली तर दुसरा चहा सांगा.