शिक्षा भोगून आलेला नायक : रहस्यकादंबरीची मांडणी कशी करावी

जन्मठेप भोगून बीड जिल्ह्यातील गावी परतलेला माणूस नायक असेल, तर गुन्हा त्याने केला होता की नाही, हे पहिले पान लिहिण्यापूर्वीच ठरवावे. तो पूर्ण निर्दोष असल्यास प्रायश्चित्ताला जागाच उरत नाही. म्हणून त्याच्या हातून काहीतरी घडलेले असावे, मात्र न्यायालयात सिद्ध झाले ते नेमके तेच नसावे.

कायद्याचे तपशील थोडक्यात, पण अचूक द्यावेत. खुनाबद्दल जन्मठेप झालेल्या कैद्याला शिक्षेत सूट मिळाली, तरी सामान्यतः किमान १४ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढावी लागतात. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली असल्याने त्याच्या जुन्या निकालपत्रात खुनासाठी आधीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ असेल, नव्या संहितेचे १०३ नव्हे. हर्सूल कारागृहातून त्याला पैठणच्या खुल्या कारागृहात शेतीकामावर पाठवलेले दाखवता येईल. मधल्या काळात घरी जाण्यासाठी संचित रजा (फर्लो) मिळत असल्याने ‘चौदा वर्षांनी प्रथमच गाव दिसले’ हे लेखकांचे लाडके वाक्य शक्यतो टाळावे.

खरा कस तपासात लागतो, कारण या माणसाकडे ना वर्दी आहे, ना कोणाला प्रश्न विचारण्याचा अधिकार. त्याच्या हाती निकालाची नक्कल आणि घटनास्थळाचा पंचनामा एवढेच असते, आणि तेवढे पुरते. समजा, पंचनामा जानेवारीतला आहे आणि त्यावर पंच म्हणून सही करणारा गडी ऊसतोडीला जाणारा आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेलेला माणूस हंगाम संपेपर्यंत सहसा परतत नाही. मग त्या दिवशी गावात सही कोणी केली? उत्तर मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या मजुरीच्या वहीत असावे, पण ती वही नायकाला सहजासहजी मिळू देऊ नये. पंचाच्या म्हाताऱ्या आईने उंबऱ्यावरूनच “झालं गेलं, आता कशाला उकरायलास, बापू?” असे विचारावे, बोलीभाषा संवादांपुरतीच ठेवावी, निवेदनात आणू नये. हंगामात गाव निम्मे रिकामे असते, त्यामुळे साक्षीदार शोधण्यासाठी नायकाला उसाच्या फडावर जावे लागेल, आणि तेथे मुकादमाची नजर चुकवणे हाच एका प्रकरणाचा ताण होईल.

खोटी सही उघडी पाडताना त्याच्या स्वतःच्या दोषाचा न्यायालयासमोर न आलेला भागही बाहेर यावा. तो त्याने प्रथम पोलिसांना किंवा वकिलाला सांगू नये, तर मृताच्या घरी जाऊन सांगावा. आणि त्या घराने त्याला क्षमा केलीच पाहिजे, असा आग्रह लेखकाने धरू नये.