आडगावी स्वस्तात फिरायचंय? मग या चुका टाळा

पावसाळा लागला की माझा फोन सुरू होतो. "काका, गर्दी नसलेली, स्वस्तातली एखादी जागा सांगा ना." मी सांगतो. सोमवारी तोच आवाज पुन्हा, आणि हजारात उरकायची सहल चार हजारांना कशी पडली याची कहाणी. चुका इतक्या ठरलेल्या असतात की आता समोरच्याचं पुढचं वाक्य मीच मनात म्हणून टाकतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे जायची गाडी बघून निघायचं आणि परतीची विचारायचीच नाही.

पुण्यातल्या माणसाला एक बस चुकली तर दुसरी येईल अशी आशा तरी असते. आडगावाला एसटीच्या दिवसभरात दोन-तीन फेऱ्या. त्यातली संध्याकाळची बहुतेक वेळा मुक्कामी. म्हणजे गाडी गावात पोचते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. कॉलेजची पोरं, बाजारकरी, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं यांच्या सोयीनं ती वेळ ठरलेली असते. तुमच्या सूर्यास्ताच्या फोटोशी तिला काही देणंघेणं नाही.

हे मी शिकलो आहुप्याला. आंबेगाव तालुक्याचं पार पश्चिमेचं टोक; गाव संपलं की कडा तुटतो आणि खाली थेट कोकण दिसतं. भाचा आणि त्याचे तीन मित्र बरोबर होते. घोडेगावच्या स्टँडवर मी सवयीनं चौकशीच्या खिडकीकडे वळलो, तर भाचा म्हणाला, "मामा, कुठल्या जमान्यात आहेस? सगळं मोबाइलवर आहे. परतीची गाडी पाचला." मीही ऐकलं, हा माझा दोष. डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं गाडी गेली, दिवस झकास गेला. कड्यावर धुकं वर येत होतं, देवराईत एक शेकरूही दिसलं. पावणेपाचला आम्ही शहाण्यासारखे थांब्यावर हजर. देवळाच्या ओट्यावर एक आजोबा बसले होते. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "कुनाची वाट बघताय, पाव्हणं?"

"पाचच्या गाडीची."

"ती पहाटं पाचची. आज सकाळीच ग्येली की."

मोबाइलवर नुसतं पाच लिहिलेलं. सकाळचे की संध्याकाळचे, हे कुणी बघितलंच नव्हतं. जीपवाला घोडेगावला सोडायचे अडीच हजार म्हणाला. पोरं लगेच तयार, पण चौघांच्या खिशात मिळून साठ रुपये. बाकी सगळा पैसा मोबाइलमध्ये आणि मोबाइलला रेंज नाही. माझ्याकडचे अकराशे धरूनही गणित जमेना. शेवटी आजोबांच्याच ओसरीवर झोपलो. रात्री नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण मिळालं. अंधार पडल्यावर मुक्कामी गाडी आली. कंडक्टरनं आमची तोंडं बघितली आणि काही न विचारता म्हणाला, "पाचला निघतो. हाक मारनार न्हाई." आजोबांनी पैसे घेतले नाहीत, शेवटी नातवाच्या हातात ठेवले. एका पोराची सोमवारची नोकरी बुडाली ती बुडालीच.

तेव्हापासून मी तिघांना विचारतो. तालुक्याच्या स्टँडवरचा कंट्रोलर, उतरताना कंडक्टर ("मास्तर, हीच गाडी परत कधी?") आणि गावातला दुकानदार. दोघांचं जुळलं तरच विश्वास ठेवतो. शिवाय रविवारी जाणार असाल तर रविवारचंच विचारा, कारण शाळेच्या पोरांसाठीची फेरी सुट्टीला बंद असू शकते. यात दहा मिनिटं जातात. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी खुशाल अडीच हजार मोजावेत.

स्टँडचा घोळही दरवर्षीचा. भोर, वेल्ह्याकडे जायचं तर स्वारगेट. जुन्नर, भीमाशंकरकडे जायचं तर शिवाजीनगर. पण मेट्रोच्या कामात ते स्टँड वाकडेवाडीला गेलंय हे अजून कित्येकांना रेल्वे स्टेशनसमोर उभं राहिल्यावर कळतं.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, 2023 पासून. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर फुकट. आई-मावशीला घेऊन खासगी गाडीचं माणशी भाडं भरणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आता जेवण. न कळवता दुपारी दीडला सहा जण दारात उभे राहतात आणि "काहीतरी गरमागरम चालेल" म्हणतात. अहो, त्या घरात भाजी आठवडी बाजारातून येते, चूल पेटवायला वेळ लागतो आणि घरची बाई शेतात असते. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती, एवढं सांगा. फोन लागत नसेल तर गावात शिरताच आधी जेवण सांगा आणि मग फिरायला जा. आणि दीडशेच्या ताटावर घासाघीस करू नका. रायरेश्वरच्या पठारावर एकाला मी वीस रुपयांसाठी वाद घालताना बघितलंय. गॅसची टाकीसुद्धा शिड्या चढून पाठीवर आणावी लागते तिथे! पायथ्याशी पार्किंगचे पन्नास मात्र त्यानं मुकाट्यानं दिले होते.

बाकी किरकोळ. नवे बूट पहिल्यांदा सहलीच्या दिवशीच घालायचे नाहीत. दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवायच्या. देवळात मुक्काम करायचा तर गावात विचारूनच, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय तंबू ठोकायचा नाही. काजवे बघायला मे-जूनमध्ये जाता ना, मग बॅटऱ्या कशाला मारता?

पाण्याबद्दल मी फार बोलत नाही, कारण राग येतो. 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. आधी गुडघाभर असलेलं पाणी डोंगरावर पाऊस झाला की बघता बघता वाढतं. पावसात मी ओढा ओलांडायचा कार्यक्रम ठेवतच नाही, पलीकडे कितीही सुंदर असो. शिवाय जुलैतला रविवार मी घरात भजी खाऊन काढतो. मंगळवारी रजा टाकून गेलं की तोच डोंगर रिकामा मिळतो आणि जीपवालाही नीट बोलतो.

शेवटचं भाताच्या खाचरांबद्दल. लावणी झालेल्या चिखलातून 'शॉर्टकट' मारणारे दरवर्षी भेटतात. बांधावरून जायचं, तेही एकामागे एक, आणि बांध खचला असेल तर वळसा घालायचा. मागच्या वर्षी आमच्यातल्याच एकानं आडवं जायला सुरुवात केली, तर लावणी करणारी बाई कंबर सरळ करून ओरडली, "अवो, त्यो रस्ता न्हाय, त्ये भात हाय!" तो परत फिरला, पण पाच-सहा रोपं आडवी झालीच होती. मग त्याला तिथेच वाकवून ती पुन्हा लावायला लावली. वाकडीतिकडी लागली. बाईनं ती उपटून पुन्हा लावली.