पोटॅशियम वारंवार कमी येत असेल, तर लघवीतील क्लोराइडचा अहवाल कसा वाचावा

रक्तातील पोटॅशियम ३.५ मिलिमोलच्या खाली पुन्हा पुन्हा येत असेल, औषध घेऊनही ते टिकत नसेल आणि रक्तदाब मात्र वाढलेला नसेल, तर केळी आणि शहाळी वाढवून भागत नाही. गळती कुठे आहे ते शोधावे लागते. पुण्यातील पेठांपासून उपनगरांपर्यंतच्या लॅबमध्ये इलेक्ट्रोलाइट्सच्या अहवालात क्लोराइडचा (मिठाचा सोडियमखेरीजचा दुसरा घटक) आकडा सोडियम-पोटॅशियमच्या शेजारीच छापलेला असतो, पण त्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

डॉक्टरांच्या सल्ल्याने एकाच सकाळी रक्त आणि लघवी असे दोन्ही नमुने द्यावेत. रक्तात बायकार्बोनेट (आम्लाला तोलणारा घटक) व मॅग्नेशियम, तर लघवीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन मोजून घ्यावे. चालू असलेली सर्व औषधे लिहून न्यावीत. पोटॅशियम क्लोराइडचे सिरप (चव वाईटच असते, ते भरपूर पाण्यात मिसळूनच घ्यावे) केव्हा घेतले होते, याचीही नोंद करावी, कारण त्यातील क्लोराइडही लघवीत उतरते. ते स्वतःहून बंद मात्र करू नये.

बायकार्बोनेट वाढलेले असताना लघवीतील क्लोराइड २० मिलिमोलपेक्षा कमी आले, तर मूत्रपिंड मीठ राखून ठेवत आहे असे समजावे. उलट्या, मग त्या लपवलेल्या का असेनात, हे याचे नेहमीचे कारण. क्लोराइड याहून बरेच जास्त असेल, तर रक्तदाब पाहावा. तो वाढलेला असल्यास अल्डोस्टेरॉन या मीठ राखणाऱ्या संप्रेरकाच्या अतिरेकाची शक्यता तपासतात. तो कमी किंवा सामान्य असल्यास लघवी वाढवणारी गोळी अथवा आनुवंशिक मीठगळती, हे दोन संशयित उरतात. गोळीचा अंमल ओसरला की क्लोराइड उतरते, म्हणून एकाच नमुन्यावर निदान करू नये. आनुवंशिक विकारात ते दर वेळी चढेच राहते.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व मीठ परत घेतात. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकेच्या ‘हेन्लेचे वळण’ म्हणतात त्या भागाच्या जाड, वर चढणाऱ्या भागात एक वाहक प्रथिन एका सोडियमबरोबर एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड आत घेते. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध त्यालाच अडवते. तेथील वाहकात किंवा क्लोराइडच्या वाटेत जन्मजात बिघाड असेल, तर बार्टर सिंड्रोम होतो, ज्याचे वर्णन १९६२ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या नलिकेतील, थायझाइड हे लघवी वाढवणारे दुसरे औषध अडवते तो वाहक बिघडला, तर गिटेलमन सिंड्रोम होतो (१९६६). दोन्हींत मीठ वाहून जाते, शरीरातील द्रव घटतो, रेनिन (अल्डोस्टेरॉनला चालना देणारा मूत्रपिंडातील स्राव) आणि अल्डोस्टेरॉन वाढतात, आणि अल्डोस्टेरॉन सोडियम वाचवण्याच्या खटपटीत पोटॅशियम व आम्ल बाहेर टाकते. अल्डोस्टेरॉन इतके वाढूनही रक्तदाब चढत नाही, तो यामुळेच. गॉर्डन सिंड्रोम या दुसऱ्या आनुवंशिक विकारात सारे उलटे घडते: हाच पुढचा वाहक बेसुमार काम करतो, रक्तदाब व पोटॅशियम दोन्ही चढतात आणि थायझाइडने ते उतरतात.

लघवीत कॅल्शियम कमी आणि रक्तात मॅग्नेशियम कमी असेल, तर कल गिटेलमनकडे जातो. कॅल्शियम जास्त असेल, विशेषतः लहान मुलात, तर बार्टरकडे. शेवटचा निवाडा जनुकीय चाचणीने होतो. हे विकार बहुधा आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच प्रकटतात, म्हणून मामेबहिणीशी विवाहाची चाल असलेल्या घरात कुळाचा इतिहास नीट सांगावा. एकच सदोष प्रत असलेली माणसे आजारी नसतात. उलट अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या हृदयरोगविषयक अभ्यासगटात अशा माणसांचा रक्तदाब तुलनेने कमी आढळला (२००८).

निदान पक्के झाल्यावर घरातल्यांना पचायला अवघड जाते ते मिठाचे पथ्य, कारण ते नेहमीच्या सल्ल्याच्या अगदी उलट असते. गिटेलमनच्या रुग्णाला लोणचे, पापड, मीठ घातलेले ताक यांची ओढ असते आणि ती अडवायची नसते. सोबत पोटॅशियम व मॅग्नेशियम तज्ज्ञ ठरवतील तसे घ्यायचे असते. जुलाब-उलट्या झाल्या किंवा एप्रिलच्या उन्हात फार घाम गेला, तर तपासणी लवकर करावी. धडधड, चक्कर किंवा हातपाय लुळे पडल्यासारखे वाटल्यास थेट तातडीच्या विभागात जाऊन ईसीजी काढून घ्यावा.